खडक ओळखा, मग विहीर खोदा

मातीची पारख आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही. ढेकूळ हातात घेऊन चुरडले की जमीन भारी आहे की हलकी, चुनखडीची आहे की चोपण, हे तो सांगतो. मात्र त्याच मातीखाली दहा-वीस हातांवर कोणता खडक आहे, तो किती जाड आहे आणि त्यात पाणी कोठे राहते, याबाबत बहुतेक ठिकाणी अंदाजच चालतो. विहिरीचा आणि बोअरचा खर्च पाहता हा अंदाज फार महाग पडतो. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात तर एकाच बागेत तीन-तीन, चार-चार कोरडे बोअर आढळतात.

कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना मृदाशास्त्राबरोबर थोडे भूशास्त्रही शिकावे लागते. खोक्यातले नमुने पाहून ते परीक्षेपुरते लक्षात राहते, पुढे नाही. म्हणून जानेवारी महिन्यात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अकोला, दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा, चिखलदऱ्याचा घाट आणि तेथून परत खाली उतरून मोर्शीच्या उत्तरेचे सालबर्डी असा दौरा केला. या एकाच वाटेवर पूर्णेचा गाळ, सातपुड्याच्या पायथ्याचे दगडगोटे, ज्वालामुखीचा काळा खडक आणि त्याच्याही खालचे वाळूचे व चुन्याचे जुने खडक पाहावयास मिळतात. या दिवसांत नाले कोरडे असतात, गवत वाळलेले असते आणि कडे उघडे पडलेले असतात. विद्यार्थ्यांसाठी केलेली टिपणे बागायतदारांच्याही उपयोगाची आहेत, म्हणून त्यांतील निवडक भाग येथे देत आहे.

दोन जातींचे खडक

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्ट या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थिजला. हे एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा घडले. त्यामुळे आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. हा झाला अग्निजन्य खडक.

दुसरी जात गाळाच्या म्हणजे स्तरित खडकांची. नदीने, तळ्याने किंवा समुद्राने आणून टाकलेली वाळू, चिखल व चुना थरावर थर साचून दाबला जातो आणि कालांतराने दगड बनतो. वाळूपासून वालुकाश्म, चिखलापासून पापुद्र्यांचा दगड, चुन्यापासून चुनखडक.

शेतात उभे राहून या दोन जाती ओळखण्यास फार सामग्री लागत नाही. एक हातोडी आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली पुरते. आम्ल मात्र डोळ्यांपासून व मुलांपासून दूर ठेवावे. ताज्या फोडीवर वाळूचे कण सुटे दिसले आणि बोट घासल्यावर हाताला लागले तर वालुकाश्म. आम्लाचा थेंब टाकताच फसफसले तर चुना. काळा, जड, कण डोळ्यांना न दिसणारा आणि आम्लाला दाद न देणारा दगड म्हणजे बेसाल्ट. बेसाल्टमधल्या पांढऱ्या गाठींची गंमत अशी की, त्यातील काही फसफसतात व काही नाही. फसफसतो तो कॅल्साइट, गप्प राहते ती बहुधा गारगोटी किंवा झिओलाइट. विद्यार्थ्यांचा पहिला तासभर याच उद्योगात गेला.

पूर्णेचा गाळ आणि पायथ्याचा पट्टा

दर्यापूरच्या परिसरात खडक पाहायचा म्हटले तर दिसत नाही. दिसते ती नाल्याच्या उभ्या काठातली पिवळसर चिकणमाती, मधूनमधून वाळूचा पट्टा आणि चुन्याचे खडे. हा पूर्णा नदीचा गाळ. काही ठिकाणी तो शेकडो मीटर जाड आहे. अजून दगड न झालेला गाळाचा खडकच म्हणा. यात पाणी नाही असे नाही. पण अकोला, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांतील मोठ्या पट्ट्यात ते खारे आहे. अशा पाण्याने ओलीत केल्यास त्यातील सोडियम मातीच्या कणांना चिकटतो, कण फुगून सुटे होतात, जमीन पाणी पिईनाशी होते व चोपण बनते. म्हणून खारपाणपट्ट्यात खोल बोअर घेऊन गोडे पाणी शोधण्यापेक्षा पावसाचे पाणी शेततळ्यात धरून हरभऱ्याला किंवा कपाशीला एक-दोन संरक्षित पाणी देणे शहाणपणाचे. येथील चिकणमाती पाणी धरते, एवढा तिचा फायदा घ्यावा.

उत्तरेकडे जाऊ लागलो की माती हळूहळू भरड होते. अंजनगाव-परतवाड्याच्या वर, सातपुड्याला लागून, नाल्यांच्या काठात नारळाएवढे ते बैलाच्या डोक्याएवढे गोल गोटे वाळूत अडकलेले दिसतात. डोंगरातून उतरलेल्या ओढ्यांचा वेग सपाटीवर येताच कमी होतो आणि जड माल तेथेच पडतो. तज्ज्ञ यास बझाडा म्हणतात. हा पट्टा अरुंद असला तरी खालच्या सपाटीला पाणी पुरवणारी ही मोठी गाळणी आहे. येथे नाला दुथडी वाहतो आणि दोन मैलांवर गडप होतो. लोक म्हणतात, पाणी टिकत नाही. पाणी टिकत नाही कारण ते मुरते, आणि मुरणे हेच या पट्ट्याचे काम आहे.

घाटातील कापलेली कड

परतवाड्याहून चिखलदऱ्यास चढताना रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे. बागायतदाराने आयुष्यात एकदा तरी अशी कापलेली कड अर्धा तास उभे राहून पाहावी, असे माझे मत आहे, कारण आपल्या विहिरीत जे आहे तेच येथे उजेडात, कोरड्यात दिसते.

लाव्ह्याचा एक थर काही मीटरपासून काही दहा मीटरपर्यंत जाड असतो आणि तो सगळा एकसारखा नसतो. लाव्हा थिजताना त्यातील वायू वर येतात व वरच्या भागात बुडबुडे अडकतात. त्यामुळे थराचा माथा पोकळ छिद्रांचा, पावासारखा होतो. याला काही भागांत मांजऱ्या म्हणतात. पुढे यातील बरीच छिद्रे पांढऱ्या गाठींनी भरून जातात, तरी हा भाग मऊ असतो, लवकर झिजतो आणि मुरूम बनतो. थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट व ठोकळ असतो. हाच काळा पाषाण. त्यात स्वतःची छिद्रे नसतात. पाणी असलेच तर भेगांत आणि सांध्यांत. भेगा नसल्या तर तो पाषाण म्हणजे बुडाशी घातलेले काँक्रीटच.

एक थर पडल्यावर दुसरा येईपर्यंत कधीकधी खूप काळ गेला. त्या काळात खालच्या थराचा माथा झिजून लाल माती तयार झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली व दाबली. घाटात ही विटकरी रंगाची पट्टी एका रेषेत दूरवर जाताना दिसते. काही ठिकाणी या मधल्या काळात तळी साचली. नागपूरजवळ टाकळी येथे अशाच तळ्याच्या गाळातून पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिंपले-गोगलगायींचे व वनस्पतींचे अवशेष गोळा केले होते. म्हणजे ज्वालामुखीच्या दोन थरांमध्ये गाळाचा पातळ थरही सापडू शकतो.

विहीर खोदताना लाल पट्टी लागली की मजूर खूश होतात, कारण खोदणे सोपे जाते. शेतकऱ्याने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ही पट्टी चिकणी असल्याने पाणी खाली सहज जाऊ देत नाही. बरेचदा तिच्या लगेच वर ओल दिसते. दुसरे म्हणजे ती पाण्याने सुटते व कड ढासळते. तेवढ्या भागाला बांधकाम करून घ्यावे, पण त्यात पाणी येण्यास भोके ठेवावीत.

याच कडेवर विद्यार्थ्यांना माती कशी बनते हेही पाहता आले. खाली घट्ट दगड, वर भेगाळलेला, त्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोटे, मग मुरूम आणि शेवटी वीतभर माती. उतारावर माती टिकत नाही म्हणून ती उथळ व बरड. तीच धुपून सखल भागात साचते आणि खोल काळी जमीन होते. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह भरपूर असते. त्यापासून फुगणारी, आकसणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात त्या यामुळेच.

सालबर्डी : काळ्या खडकाच्या खाली काय?

सालबर्डी अमरावती व बैतूल जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ते सर्वांना माहीत आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने हे गाव याहून वेगळ्या कारणाने महत्त्वाचे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी भूकवचाला मोठे तडे गेलेले आहेत. त्यांच्या बाजूने जमिनीचे भाग वर-खाली सरकले आणि एरवी काळ्या खडकाखाली दडलेले जुने गाळाचे खडक येथे उघडे पडले. इथला कोमट पाण्याचा झराही अशाच तड्यांशी निगडित आहे.

नदीपात्रातून चालत गेल्यास सर्वांत खाली फिकट रंगाचा वालुकाश्म दिसतो. तो गोंडवन गटातला. चंद्रपूर-उमरेडचा कोळसा याच मोठ्या गटाच्या खडकांत आहे. या वालुकाश्मात तिरप्या रेघा दिसतात. आजच्या नदीच्या वाळूत काठ खणल्यावर तशाच रेघा दिसतात. प्रवाह कोणत्या दिशेने होता हे त्यावरून ठरवता येते. त्याच्या वर लमेटा नावाचे थर आहेत. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून हे नाव पडले. त्यात चुन्याचे प्रमाण अधिक, त्यामुळे आम्लाची बाटली येथे खूप चालली. सालबर्डीच्या या थरांत डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. आणि या सर्वांच्या माथ्यावर पुन्हा आपला काळा बेसाल्ट. म्हणजे डायनासोर अंडी घालीत होते त्या जमिनीवर पुढे लाव्हा पसरला, असा हा क्रम वाचता येतो. तेथील कोणताही नमुना फोडून घरी नेऊ नये, ही सूचना विद्यार्थ्यांना दिली होती व वाचकांनाही देतो.

वालुकाश्मात पाणी भेगांतच राहते असे नाही, कणांमधल्या फटींतही राहते. त्यामुळे एका विद्यार्थ्याने लगेच विचारले, “सर, मग मोर्शीच्या बागांत काळा खडक भेदून या वाळूपर्यंत बोअर का नेत नाहीत?” प्रश्न योग्य आहे आणि बोअरवालेही शेतकऱ्याला अशीच आशा दाखवतात. पण हा वालुकाश्म सालबर्डीला वर आला आहे तो तड्यामुळे. तड्याच्या दक्षिणेकडे जमीन खाली गेलेली आहे. तेथे तो किती खोल आहे, आहे की नाही, हे शेजारच्या गावावरून ठरत नाही. शिवाय कणांमधल्या फटी चिकणमातीने किंवा चुन्याने बुजलेल्या असल्या तर वालुकाश्मही कोरडाच.

या खडकांवरील जमिनीतही फरक आहे. वालुकाश्मावरची माती रेताड, निचऱ्याची पण उपाशी. खते थोडी-थोडी, अनेक वेळा द्यावी लागतात. चुनखडकावरची माती संत्र्याला घातक ठरू शकते. मुक्त चुन्याचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास लोह असूनही झाडाला मिळत नाही, नवी पालवी शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडते. बाग लावण्यापूर्वी मीटरभर खोल खड्डा घेऊन प्रत्येक थरावर आम्लाचा थेंब टाकावा. वरची माती गप्प आणि दोन फुटांखाली जोरात फसफस, असे बरेचदा दिसते. कलमे लावल्यावर पाच-सहा वर्षांनी मुळे तेथे पोहोचतात आणि मग बागायतदार खतवाल्याला दोष देतो.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खडकात पाणी किती मावते? भूजल अंदाज समितीने १९९७ मध्ये ठरवलेल्या प्रमाणांनुसार झिजलेल्या किंवा सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमधून आकारमानाच्या १ ते ३ टक्के पाणी मिळू शकते. साधारण २ टक्के धरावे. वालुकाश्मासाठी ३ टक्के, वाळूच्या गाळासाठी १६ टक्के.

एक हेक्टर बागेखाली पाण्याने भरलेला एक मीटर जाडीचा मुरूम आहे असे समजू. त्याचे आकारमान १० हजार घनमीटर. त्यातून २ टक्के म्हणजे २०० घनमीटर, अर्थात २ लाख लिटर पाणी मिळेल. ६ × ६ मीटर अंतरावर हेक्टरी २७७ झाडे बसतात. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकने दिवसाला १०० लिटर धरले (मे महिन्यात याहून जास्तच लागते) तर रोज २७,७०० लिटर हवेत. एक मीटर मुरमातले पाणी सात दिवसांत संपते. मुरूम पाच मीटर भरलेला असेल तर पाच आठवडे.

दर पावसाळ्यात भर किती पडते तेही पाहू. त्याच समितीच्या प्रमाणांप्रमाणे झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाचे ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसाल्टमध्ये १३ टक्के पाणी मुरते. पाऊस ८०० मि.मी. झाला तर हेक्टरी ५ लाख ६० हजार ते १० लाख ४० हजार लिटर. वरच्या गरजेशी भागल्यास २० ते ३७ दिवस. याचा अर्थ, बागेवर पडलेल्या पावसातून जेवढे मुरले त्यावर ती बाग उन्हाळाभर जगत नाही. ती शेजारच्या कोरडवाहू रानात, पडीकात आणि वरच्या डोंगरात मुरलेले पाणी ओढते. चारही बाजूंना बागाच झाल्या की ओढायला शेजार उरत नाही. वरुड-मोर्शीत नेमके हेच झाले.

मग बोअर खोल जातात. खाली आणखी एखादा सच्छिद्र थर लागतो, पहिल्या वर्षी पाणी जोरात येते आणि शेतकरी समाधानी होतो. परंतु त्या थरावर घट्ट पाषाणाचे झाकण असल्याने त्यात पावसाचे पाणी फार सावकाश पोहोचते. अनेक वर्षांचा साठा दोन-तीन उन्हाळ्यांत उपसला जातो. मोर्शीजवळच्या एका बागायतदाराने विद्यार्थ्यांना आपले बोअर क्रमाने दाखवले. प्रत्येक नवा आधीच्यापेक्षा खोल होता आणि आधीच्यापेक्षा कमी वर्षे चालला होता. जागा नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याने दाखवली होती. पाणाड्याला खडक दिसत नाही. एखादी जागा लागते कारण पावसाळ्यानंतर मुरमात बहुतेक ठिकाणी थोडे तरी पाणी असतेच. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातलेली आहेत, त्यामागे हेच कारण आहे.

आपल्याच विहिरीची कड

नवा बोअर घेण्यापूर्वी जुनी विहीर वाचावी. योग्य काळ मे महिना. एकट्याने विहिरीत उतरू नये. त्याची गरजही नाही. दुपारी आरशाने उन्हाची तिरीप आत पाडली की कड लख्ख दिसते. दर मीटरला गाठ मारलेला दोर सोडावा आणि माती कोठे संपली, मुरूम कोठपर्यंत, लाल पट्टी कोठे, पाषाण कोठून आणि ओल नेमकी कोणत्या खोलीवर, हे वहीत लिहावे. शेजारच्या तीन-चार विहिरींचेही असेच लिहिले तर ओलीचा थर कोणीकडे उतरतो आहे हे कागदावर उमटते. सगळी ओल पाषाणाच्या वरच असेल तर विहीर खोल करून फक्त टाकी मोठी होते, आवक वाढत नाही. अशा वेळी ओलीच्या थरात आडवे बोअर घेणे अधिक फायद्याचे.

आवकही मोजता येते. विहीर उपसून पंप बंद करावा व तासाभरात पाणी किती चढले ते पाहावे. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १० सेंमी चढले तर सुमारे २,८०० लिटर आले. वर सांगितलेल्या एक हेक्टर बागेला अशी दहा तासांची आवक लागते. पाणी चढेल तसा वेग मंदावतो, म्हणून पहिल्या तासावरून दिवसाचा हिशेब करू नये.

पाणी जिरवण्याची जागाही खडकच ठरवतो. घट्ट पाषाणावर बांधलेल्या पाझर तलावातून पाझर होत नाही, नुसते बाष्पीभवन होते. उलट मुरमात किंवा पायथ्याच्या गोट्यांत अस्तर न लावता खोदलेले शेततळे दिवाळीपर्यंत रिकामे होते. शेतकरी त्याला फसलेले तळे म्हणतो, पण खालच्या विहिरींना ते उपयोगी पडलेले असते. साठवायचे असेल तर अस्तर लावा, जिरवायचे असेल तर गाळ काढत राहा. काही नाल्यांत काळ्या दगडाची उभी, सरळ भिंत पात्राला आडवी गेलेली दिसते. भेगेत थिजलेल्या लाव्ह्याची ही भिंत धुळे-नंदुरबारकडे विशेष आढळते. ती घट्ट असेल तर जमिनीखालचा बंधाराच होय. विहीर तिच्या वरच्या अंगाला घ्यावी, खालच्या नाही.

एवढे करूनही बोअर घ्यायचाच ठरल्यास दर १० फुटांवर निघणारा भुगा मूठभर गोळा करून वेगवेगळ्या पिशवीत भरावा व पिशवीवर खोली लिहावी. भुगा काळा-बारीक की तांबडा, पांढऱ्या गाठींचे तुकडे कोठे आले, पाणी कोणत्या फुटावर लागले, हे सर्व त्यातून राहते. पंपासाठी केसिंग किती घालावे हे ठरवताना त्याचा उपयोग होतो. या पिशव्या जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयातील भूवैज्ञानिकांना दाखवता येतात, आणि बोअर कोरडा गेला तरी पुढच्या जागेसाठी शेजाऱ्यांनाही त्या कामी येतात.